आबांच्या खोलीचा रंग



या अंकासाठी संपादकांनी निरूपण मागितले होते. ते पुढच्या खेपेला देईन. आज भिंतीविषयी लिहितो. दृष्टांतातल्या भिंतीविषयी नव्हे. विटा, सिमेंट, वाळू आणि त्यावरचा रंग अशा खरोखरीच्या भिंतीविषयी. वयाच्या ७४ व्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, मी एक निजायची खोली माझ्या हाताने रंगवली. कार्तिकी करून आलो, काम धरले आणि मोक्षदा एकादशीच्या सुमारास ते संपले.

तुम्ही म्हणाल, महाराजांना आता हे काय सुचले? गावातही सगळ्यांनी हेच विचारले. आमचे गाव नेवासे तालुक्यातले. जिथे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली तो पैसाचा खांब आमच्या पंचक्रोशीतच. त्यामुळे इथल्या माणसांच्या जिभेवर संतचरित्र कायम तयार असते. धोतरावर रंगाचे शिंतोडे घेऊन मी दुकानात गेलो तर एक जण म्हणाला, “माउलींनी भिंत चालवली, आमचे महाराज रंगवायला लागले!” सगळे हसले. मीही हसलो. म्हटले, “अरे, चालवणारा एकच झाला. बाकीच्यांनी रंगवायला काय हरकत आहे?”

गळा बसला, दम पुरेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी कीर्तन थांबवले. त्याआधीची चाळीसेक वर्षे सप्ताह, दिंडी, काल्याची कीर्तने यांत गेली. आमच्यासारख्यांचे हात टाळाला, वीण्याला आणि पोथीला सरावलेले असतात. घराला रंग द्यायचा तर रंगारी बोलवायचा, ही रीत. या वेळीही दोघांना विचारून पाहिले. लग्नसराई तोंडावर आलेली, त्यांना अख्खी घरे मिळत होती. एका खोलीसाठी कोण अडकून पडणार? त्यांचेही बरोबरच आहे. पण रंगारी मिळाला असता तरी त्या खोलीचे काम मी दुसऱ्याला दिले असते का, याची मला शंका आहे. ती खोली आबांची.

आबा म्हणजे माझे मृदंगाचार्य. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे आम्ही दोघे एकाच काळात होतो. मी पाठांतराला, ते मृदंगाला. एका झोळीतली माधुकरी आम्ही वाटून खाल्ली आहे. पुढे पस्तीस वर्षे मी बोललो आणि त्यांनी वाजवले. कीर्तनकाराचे नाव पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापतात, मृदंगाची साथ खाली बारीक अक्षरात असते. पण ज्यांनी कीर्तन उभे राहून केले आहे त्यांना विचारा. श्रोते पेंगायला लागले, चाल पडायला लागली, प्रमाण आठवेना झाले, की आधार कशाचा असतो? आबा माझ्याकडे न बघता ओळखायचे की आता बुवांना दोन आवर्तने विसावा हवा, आणि ती दोन आवर्तने ते अशी वाजवायचे की लोकांना वाटावे हेच ठरलेले होते.

आबांची दृष्टी आता गेल्यात जमा आहे. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेने दिसू लागले असते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते, बाजूचे दिसणे आधी जाते, माणूस नळीतून पाहिल्यासारखा समोरचे तेवढे बघतो, आणि गेलेले परत येत नाही. औषधाने उरलेले राखता येते, इतकेच. दुखत नाही म्हणून उशिरा कळते. वारीत आपल्यातली किती तरी म्हातारी माणसे “आता वय झाले” म्हणून ठेचकाळत चाललेली असतात. चाळिशी उलटल्यावर डोळ्यांचा दाब एकदा तरी तपासून घ्या, घरात कोणाला हा आजार असेल तर नक्कीच. एवढे सांगण्यासाठी जरी हा लेख छापला गेला तरी मला चालेल.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या मंडळी वारल्या. मूलबाळ नाही. पुतण्या चांगला आहे, पण नोकरीसाठी शहरात असतो. आबा एकटे राहायचे, हाताने स्वयंपाक करायचे. दूध उतू गेल्याचे त्यांना वासाने कळायचे, म्हणजे ते उतू गेल्यावर. मी अनेकदा म्हटले, “आबा, आमच्याकडे या. मुलगा पुण्याला स्थिरावला, त्याची खोली रिकामी आहे.” त्यांचे उत्तर ठरलेले. “बुवा, तुमच्या मागे बसून वाजवलं, ते वेगळं. तुमच्या दारात बसून खाणार नाही.” यावर काय बोलणार? ज्या माणसाने जन्मभर बिदागीची पाकिटे न मोजता खिशात टाकली, त्याला बसून खाण्याची भीड वाटते. वाटायलाच हवी.

खोली रंगवायचे ठरले तेव्हा एका भल्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारले, “महाराज, राग मानू नका, पण ज्यांना दिसत नाही त्यांना रंग कशाला?” मला राग आला नाही. प्रश्न नीट होता. त्याचे उत्तर मला तेव्हा पुरते ठाऊक नव्हते, भिंतीवर काम करता करता ते मिळत गेले. आणि पहिला तुकडा मिळाला तो आमच्या घरातल्या मंडळींकडून.

आबा मध्ये एकदा मुक्कामाला होते. त्यांना दूधभात वाढला तर ते ताटलीच्या कडेकडेने चाचपडत राहिले. आमच्या घरच्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपकिरी रंगाची ताटली काढली, त्यात तोच दूधभात वाढला, आणि आबा सरळ जेवले. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात त्यांना दिसतच नव्हता. मग माझ्या ध्यानात आले की त्या खोलीत भिंत पांढरी, विजेचे बोर्ड पांढरे, दाराची चौकटही कधी काळी पांढऱ्या रंगाची. जो माणूस उजेड आणि सावली एवढेच ओळखतो त्याला तिथे दार कुठे आणि भिंत कुठे हे कसे कळावे? डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारले, तेही तेच म्हणाले. फिक्यावर गडद हवे, गडदावर फिके हवे, आणि चकाकी नको, कारण अशा डोळ्यांना चकाकी खुपते. डोळसाला रंग आवडीपुरता असतो. ज्याची नजर थोडीच उरली आहे त्याचे चालणे-फिरणे रंगावर अवलंबून असते.

आता भिंतीकडे येतो. खोली दहा बाय बाराची, उंची दहा फूट. जुन्या घराला नंतर जोडलेली. मागच्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर, आणि त्या भिंतीला खालपासून कमरेइतका लोणा लागलेला. पांढरी भुकटी सुटायची, रंगाचे पोपडे यायचे. त्यावर दर दिवाळीला रंगाचा हात मारला की दोन महिने बरे दिसायचे आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा फुगायचे. ओल पाण्याची असते, आणि पाणी कुठून तरी येत असते. ते येणे थांबवल्याशिवाय वरून काहीही लावा, भिंत ते फेकून देते. नळवाल्याला बोलावून न्हाणीतली फरशी उकरली. एक जोड ठिबकत होता. दसऱ्याला तो बंद केला, फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरले, आणि भिंत कार्तिकीपर्यंत नुसती सुकू दिली. सुटलेली लोण्याची भुकटी कोरड्या कुंच्याने झाडून काढली. पाण्याने धुतली असती तर क्षार पुन्हा आत मुरला असता.

मग मी आबांना निरोप धाडला. “चार दिवस या. भिंतीला कान द्यायचा आहे.”

हे मी त्यांचे मन राखण्यासाठी केले असे समजू नका. गवंडी गिलावा तपासतो तो ठोकून. भरीव असेल तिथे आवाज घट्ट येतो, गिलावा विटेपासून सुटला असेल तिथे पोकळ. शेजारच्या गवंड्याचा मुलगा माझ्या मदतीला होता. त्याने करणीच्या दांड्याने ठोकून तीन जागा दाखवल्या. आबा उठले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने त्यांनी दारापासून सुरुवात केली आणि वीतभर अंतराने ठोकत निघाले. मधेच थांबायचे, मागे यायचे, कान भिंतीला लावायचे. “इथे भरीव. इथे भरीव. इथे बद्द वाजतंय, खूण करा.” मी खडूने गोल काढत गेलो. चारही भिंती फिरून होईपर्यंत अकरा गोल झाले. पोराने करणी घातली. नऊ ठिकाणी गिलाव्याची ढलपी हातात आली. उरलेल्या दोन ठिकाणी आबांनीच त्याला थांबवले. “ते थोडं सुटलंय, पण धरून आहे. उगाच उकरू नको.” पोरगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी सांगितले, यांनी पन्नास वर्षे कातड्यावरची शाई कुठे सुटली ते बोटाने ओळखले आहे. भिंत त्यांना अवघड नाही.

मागच्या भिंतीची ढलपी पडली तेव्हा धूळ उडाली आणि आम्ही सगळे मागे सरलो. पाटीत चार तुकडे भरले आणि पाटी उचलताना माझी कंबर बोलू लागली. आबा खोकत म्हणाले, “बुवा, चोखोबांच्या कीर्तनात तुम्ही मंगळवेढ्याचं गावकूस दोन वाक्यांत पाडायचा.” खरेच पाडायचो. गावकुसाचे काम चालले होते, ते ढासळले, चोखोबा आणि बरोबरचे वेठीचे मजूर त्याखाली गेले. आणि मग नामदेवराय अस्थी शोधायला येतात, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येते त्या चोखोबांच्या. श्रोत्यांचे डोळे तिथे भरतात, म्हणून कीर्तनकार तिथे लवकर पोहोचतो. त्या दिवशी पाटी हातात असताना मी अस्थींपर्यंत पोहोचलोच नाही. दगडमातीचे ओझे किती असते, आणि ते जन्मभर डोक्यावर वाहणाऱ्या माणसाला रात्री अभंग कसे सुचत असतील, तिथेच अडकून राहिलो. आबा मृदंगावर बसले असते तर त्यांनी मला तिथे आणखी दोन आवर्तने दिली असती.

असो. नऊ जागी सिमेंट-वाळूचा नवा गिलावा भरला. नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारावे लागते, दिवसातून दोन-तीनदा, नाहीतर तो तडकतो. चौथ्या दिवशी आबांची पिशवी भरून तयार होती. पोरगा दुसऱ्या कामावर गेलेला. मी म्हटले, “पाणी कोण मारणार? मला सकाळी पारायणाला जायचंय.” आबा म्हणाले, “मी थांबतो.” ते हाताने चाचपून कोरडी जागा शोधायचे आणि तांब्याने पाणी शिंपडायचे. एकही जागा कोरडी राहिली नाही. पुढे आठ-दहा दिवस भिंत वाळवायची होती. त्या काळात गेले तर परत यावे लागेल, एस.टी.चे भाडे कशाला घालवा, असे आमच्या घरच्यांनी काढले. “भाऊजी, तुम्ही गेलात की यांचं काम अर्धंच राहील बघा.” आबा राहिले. मी काहीच बोललो नाही.

भिंत वाळते आहे तोवर जुना रंग खरवडायचे काम चालू ठेवले. उरलेल्या भिंतींवर डिस्टेंपरच्या पापुद्र्याखाली चुन्याचे थर निघाले. चुना पाहून मला आई आठवली. दिवाळीआधी कळीचा चुना पिंपात विरवायचा, तो खदखदायचा, आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायची नाही. मग त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ, आणि केकताडाच्या कुंच्याने भिंतीवर उभे-आडवे हात. भिंतीच्या पायाला गेरूची पट्टी. आईने रंग दिला असे कोणी म्हणायचे नाही; चुना मारला म्हणायचे. तो चुना श्वास घ्यायचा, ओल आली तरी वाळून जायची. पण त्यावर आजचे रंग टिकत नाहीत. भुकटी सुटणाऱ्या चुन्यावर वरचा रंग भुकटीला धरतो, भिंतीला नाही. म्हणून सुटा चुना सगळा खरवडला. दोन दिवस गेले. तोंडाला उपरणे बांधून.

दाराचे काम मात्र जपून केले. त्यावरचा जुना तैलरंग वीस-पंचवीस वर्षांचा. अशा जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दार त्याच्या आधीचे. शिशाची धूळ लहान मुलांना फार वाईट, आणि सुट्टीत पणती येते. म्हणून कोरडे घासले नाही. वॉटरपेपर पाण्यात बुडवून घासले, निघालेला गाळ ओल्या फडक्याने टिपला, फडके टाकून दिले. तुमच्या घरात जुने दार-खिडक्या असतील आणि घासायच्या असतील तर पोरांना आजोळी धाडा.

पुट्टीच्या वेळी मात्र आम्हा दोघांचे भांडण झाले. पिशवीवर पाण्याचे माप लिहिलेले असते, ते मी चष्मा लावून वाचले आणि मोजून पाणी घातले. आबांनी बोटे बुडवली. “पातळ आहे.” मी म्हटले, “माप पिशवीवर आहे.” ते म्हणाले, “मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतो तिचं माप कुठे लिहिलंय? हवा दमट असली की कमी पाणी, उन्हाळ्यात जास्त. बोटाला लागते आणि सुटते, ती कणीक.” शेवटी असे ठरले की माप पिशवीचे, पण शेवटची चार बोटे पाणी आबा सांगतील तेव्हा. पुट्टी थोडीथोडीच कालवावी लागते, दोन-तीन तासांत ती आवळून येते आणि मग पाणी घालून काही होत नाही. मी पत्र्याने पुट्टी ओढायची, वाळल्यावर आबांनी तळहात फिरवायचा. मला जी भिंत आरशासारखी सपाट दिसायची तिच्यावर त्यांना उंचवटे सापडायचे. “इथे लाट आहे. इथे पत्र्याची कड उठलीय.” १२० नंबरच्या काचपेपराने घासायचे, मग १८० ने, मग पुन्हा हात. मी कंटाळलो. म्हटले, “आबा, रंगात झाकलं जाईल.” ते म्हणाले, “डोळ्यांना झाकलं जाईल.” मग मी मुकाट्याने घासले.

कीर्तनाला उभे राहण्याआधी माणसाने काय काय केलेले असते ते श्रोत्यांना दिसत नाही, हे मी किती वेळा सांगितले असेल! रंगाचे तसेच आहे. महिन्यातले शेवटचे पाच दिवस रंगाचे, बाकी सगळे भिंतीचे. पण ही तुलना मी फार ताणत नाही. कीर्तनात तयारी कच्ची असेल तर मृदंग सावरतो. भिंतीला कोणी सावरत नाही.

आता रंग कोणता? दुकानात यंत्रावर हवा तो रंग मिसळून देतात. हजारभर छटांचे पुस्तक समोर ठेवले. मी मनात भगवा धरून गेलो होतो. आमच्या घरच्या बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, “भगवा खोलीत कोंडल्यासारखा वाटेल. फिका घ्या, गोपीचंदनासारखा.” गोपीचंदनाच्या फिकट पिवळ्या मातकट छटेच्या जवळचा एक रंग निघाला. मग गडद कोणता, हे सांगायची गरजच उरली नाही. गोपीचंदनाशेजारी बुक्का.

डिस्टेंपर स्वस्त पडत होता. पण आबा भिंतीला हात लावून चालतात. डिस्टेंपरची भुकटी हाताला लागते आणि मळलेला हात पुसता येत नाही. म्हणून धुता येणारा इमल्शन घेतला, बिनचकाकीचा. खिडकी-दार वजा जाता भिंती सुमारे चारशे चौरस फूट. दोन हातांना चार लिटरचा डबा पुरला. त्याआधी प्रायमरचा एक हात. छत पांढरे, ते पोराने केले. मला शिडीवर चढायची बंदी होती आणि बंदी घालणाऱ्या व्यक्ती दिवसभर दारातच बसून होत्या. मी लांब दांड्याचा रोलर घेतला आणि जमिनीवर उभा राहून रंगवले.

रोलर दिसतो सोपा. रंगात पुरता बुडवला तर धो-धो गळतो, कमी बुडवला तर भिंत कोरडी ओढली जाते. कोपरे आणि चौकटीच्या कडा आधी दोन इंची ब्रशने काढून घ्यायच्या, आणि त्या ओल्या आहेत तोवर रोलर त्यांना नेऊन भिडवायचा. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत जायचे. मध्येच चहाला थांबले तर तिथे सांधा दिसतो. अभंगाचे चरण अर्धे सोडून कोणी पाणी प्यायला जातो का? पहिला हात वाळताना भिंतीवर ढगच ढग दिसत होते. पोरगा म्हणाला, “महाराज, घाबरू नका, पहिला हात असाच दिसतो.” सहा तासांनी दुसरा हात दिला. संध्याकाळचे तिरपे ऊन खिडकीतून त्या भिंतीवर आले तेव्हा मी बराच वेळ उभा होतो. आबांनी विचारले, “कसा आलाय?” मी म्हटले, “सायीसारखा.” ते भिंतीच्या दिशेने तोंड करून म्हणाले, “उजेड मऊ झालाय.” हा दुसरा तुकडा.

शेवटी पट्टी. आबांना खोलीच्या मधोमध सरळ उभे केले आणि हात सहज सोडून भिंतीकडे न्यायला सांगितले. तळहात टेकला ती उंची मोजली, पावणेतीन फूट भरली. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर ती पातळी काढली, दोरी ताणून रेघ मारली, आणि वर-खाली चिकटपट्टी लावून मध्ये चार बोटे जागा ठेवली. त्यात काळा तैलरंग. तैलरंग मुद्दाम घेतला. बाकीची भिंत हाताला कोरडी, मऊ लागते आणि पट्टी गुळगुळीत, गार. म्हणजे नजरेने नाही दिसली तरी हाताला दिसते. पट्टी बाजेपासून निघते, खिडकीखालून जाते आणि न्हाणीच्या दारापाशी थांबते. दाराची चौकट गडद तपकिरी, विजेच्या बोर्डाभोवती काळी चौकट. चिकटपट्टी रंग पुरता वाळायच्या आत ओढली, नाहीतर रंगाची साल निघते. तैलरंगाचा वास चार-पाच दिवस राहिला, तेवढे दिवस खिडकी सताड उघडी, आणि आबा माजघरात निजले.

वास गेल्यावर आबांना खोलीत नेले. मी दारात थांबलो. त्यांनी पट्टीवर हात ठेवला आणि चालू लागले. नेहमी ते पाय घासत चालतात. तिथे पाऊल उचलून चालले. न्हाणीच्या दाराशी गेले, चौकट चाचपली, मागे फिरले, बाजेशी आले. पुन्हा एकदा गेले. तिसऱ्यांदा जाताना त्यांच्या मोकळ्या हाताची बोटे मांडीवर वाजत होती. कोणता ठेका ते मी सांगत नाही, ज्यांनी आमची कीर्तने ऐकली आहेत त्यांना अंदाज येईल.

चार दिवसांसाठी आणलेली पिशवी अजून कोपऱ्यात भरलेली होती. तिच्याकडे कोणी बोट दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याला फोन करून आबांनी घरून मृदंग मागवला. एस.टी.च्या कंडक्टरने तो मांडीवर घेऊन आणला, आमच्याकडे अजून अशी माणसे आहेत. गवसणीतून मृदंग काढून त्यांनी दोन्ही तोंडांवरून हात फिरवला आणि मला विचारले, “बुवा, हा ठेवायचा कुठे?”

मी म्हटले, “कपाटावर.”

“तिथे उंदीर वादी कुरतडतील. खुंटी हवी.”

आमच्या घरच्या आतून म्हणाल्या, “अहो, नव्या रंगाला भोक पाडणार?” आबा भिंतीपाशी गेले. पट्टीवर हात टेकून त्यांनी दुसऱ्या हाताच्या पेराने वर ठोकायला सुरुवात केली, वीतभर, आणखी वीतभर. एका जागी थांबले. “इथे भरीव आहे. इथे ठोका.”

मी पोराला ड्रिल आणायला पाठवले.